सतरा नगरसेवक, सातशे वीस खासदार

कोकणातल्या देवरूखच्या नगरपंचायतीला कोणी महासत्ता म्हणत नाही. सतरा नगरसेवक, दिवाबत्ती, गटारे आणि पाणीपट्टीची थकबाकी एवढाच तिचा प्रपंच. तरी कायद्याच्या चौकटीत घरपट्टीचा दर ती ठरवते. युरोपीय संसदेत 27 देशांचे 720 खासदार आहेत, कामकाज 24 भाषांत चालते. पण आपल्या बळावर एका युरोचाही कर त्यांना बसवता येत नाही. करांच्या कायद्याला सर्व देशांच्या मंत्र्यांचे एकमत लागते आणि संसदेचे नुसते मत विचारले जाते, मुहूर्त ठरल्यावर मामाला विचारावे तसे. युरोचे व्याजदर फ्रँकफर्टची युरोपीय मध्यवर्ती बँक ठरवते, कायद्याचा मसुदा युरोपीय आयोग मांडतो. उरले भाषण, ते मात्र चोवीस भाषांत होते.

कोकणाने हा कारभार हापूसच्या भावात अनुभवला आहे. 1 मे 2014 रोजी, ऐन हंगामात, युरोपने भारतीय आंबा बंद केला. सोबत वांगी, कारली, पडवळ आणि बिचारे अळूही गेले. गुन्हेगार फळमाशी आणि तिची भावकी. निर्णय आयोगाचा, त्याला दुजोरा देशोदेशीच्या तज्ज्ञ अधिकाऱ्यांच्या समितीचा. त्याच महिन्यात युरोपीय संसदेची निवडणूक झाली, कोट्यवधींनी मतदान केले, नवे खासदार आले. आंबा होता तिथेच राहिला. भारताने निर्यातीपूर्वीची तपासणी सुधारली, तेव्हा 2015 च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली.

यावर कोणी म्हणेल, माशीचा निवाडा तज्ज्ञांनीच करावा. कबूल. पण मग अर्थकारणाच्या नावाने मते कशाला मागायची? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: 2012 मध्ये याच संसदेने बनावट मालाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार 478 विरुद्ध 39 मतांनी फेटाळला, व्यापार करारांना तिची संमती लागते, अंदाजपत्रकही तिच्याशिवाय मंजूर होत नाही. खरे आहे. पण करारातला स्वल्पविरामही तिला बदलता येत नाही. ताट पुढे आल्यावर जेवायचे की उठायचे, एवढेच तिच्या हाती. आणि अंदाजपत्रकाला पैसा कुठून यायचा, हे पुन्हा सरकारेच एकमताने ठरवतात.

आपण हसावे, तर जीएसटी आठवतो. केंद्र आणि राज्यांच्या मंत्र्यांच्या जीएसटी परिषदेत तीन चतुर्थांश मतांनी निर्णय होतो आणि एक तृतीयांश वजन एकट्या केंद्राचे, म्हणजे केंद्र नको म्हणाले की विषय संपला. ताज्या आंब्यावर शून्य आणि आंब्याच्या पल्पवर तेव्हा बारा टक्के, हा 2022 चा खुलासाही तिथलाच होता. रत्नागिरीच्या आमदाराने विधानसभेत कितीही बाके वाजवली तरी असा दर त्याने हलत नाही. परिषदेत निवडून आलेले मंत्री बसतात, हे मान्य. पण युरोपच्या एकमतवाल्या मंत्र्यांची सरकारेही लोकांच्याच मतांवर येतात. लोकांनी निवडलेली माणसे बंद दाराआड जमली की ज्या सभागृहासाठी रांगा लावल्या, ते बाहेर राहते.

म्हणून एक सूचना. मतपत्रिकेवर उमेदवाराच्या चिन्हाशेजारी, त्याला काय करता येणार नाही याची यादी छापावी. युरोपात कागद जास्त लागेल, आपल्याकडे थोडा कमी. त्या कागदावर कर किती, हे मात्र उमेदवाराला विचारू नये.