अनवाणी जावई

मेलबर्न,
रविवार, दुपार

ती. आई-बाबा,


आई, काल तुझा फोन आला तेव्हा मी मशीनमधून सगळ्यांचे ओले कपडे उपसत होते आणि तू काही मला बोलू दिलं नाहीस. म्हणून पत्र लिहिते. पत्राला मध्येच "थांब, आधी माझं ऐक" म्हणता येत नाही. पहिली गोष्ट, समीर धडधाकट आहे, आत्ता ओट्यापाशी भांडी घासतोय. दुसरी, त्याला कोणी बोटीला बांधून फरफटत नेत नव्हतं. तो स्वखुशीने गेला होता, वर त्यासाठी खिशातले पैसेही घातलेत. तिसरी, तो व्हिडिओ मी फक्त दादाला पाठवला होता. दादाने बंडूमामाला दाखवला आणि बंडूमामाने "आपल्या जावयाचे परदेशात हाल" असं वर लिहून सगळ्या ग्रुपांवर सोडून दिला. जोशीकाकूंना सांग, समीरची नोकरी गेलेली नाही. ही करमणूक आहे.

"निदान चप्पल तरी घालायची" म्हणालीस. अगं, अनवाणी जायचं हाच तर खेळ. पायाला फळी बांधून बोटीमागे पाण्यावरून घसरत जातात ते वॉटरस्कीइंग. फळीसुद्धा नको, नुसते तळवे पुरेत, असं ज्यांना वाटतं ते हे करतात. 1947 साली अमेरिकेत फ्लोरिडामध्ये पहिल्यांदा कोणीतरी हे करून दाखवलं आणि 1978 मध्ये याची पहिली जागतिक स्पर्धा झाली ती इथे, कॅनबेराला. म्हणजे वेड आयात केलेलं असलं तरी या लोकांनी ते चांगलं पोसलंय.

बाबा, तुम्हाला हिशेब लागतो म्हणून देते. माणसाचं वजन पौंडांत घ्यायचं, दहाने भागायचं, त्यात वीस मिळवायचे. येईल तो बोटीचा वेग, ताशी मैलांत. समीर 84 किलो, म्हणजे 185 पौंड. साडेअठरा आणि वीस, साडेअडतीस मैल. किलोमीटरमध्ये ताशी 62. वजन जितकं जास्त तितकी बोट जोरात हाकायची, नाहीतर तळवे पाण्यात बुडतात. बंडूमामाला बोट पुरणार नाही, कोयना एक्स्प्रेस लागेल.

आणि मगरी. आई, तू तीनदा विचारलंस. ऑस्ट्रेलियातल्या मगरी पार उत्तरेला, उष्ण भागात. आम्ही गेलो ती मरे नदी दक्षिणेची, तिच्यात मगर नाही. मगरी आहेत त्या तुमच्या कृष्णेत. भिलवडीला, औदुंबरला, ब्रह्मनाळला लोक काठावर जायला घाबरतात आणि तू सांगलीत बसून मला मरेतल्या मगरींची काळजी सांगतेस! बाबा अजून पहाटे घाटावर जातात का, हे आधी कळव. जात असतील तर मला तुझ्याशी नाही, त्यांच्याशी बोलायचंय.

(कुकर झाला. समीरने गॅस बंद करायच्या ऐवजी मला हाक मारली.)

तर समीरच्या ऑफिसात एक जण आहे, त्याला आमची ओवी आणि अथर्व बोटकाका म्हणतात. त्याचं मूळ घर रेनमार्कला, मरेच्या काठावर, साउथ ऑस्ट्रेलियात. इथून मिल्ड्युरावरून जायचं, जवळजवळ सातशे किलोमीटर. जानेवारीची सुट्टी, आणखी दोन कुटुंबं सोबतीला. म्हटलं जाऊ. तुझं पार्सल आदल्याच दिवशी पोचलं होतं. भडंग, मेतकूट, लोणचं, सगळं शाबूत. भडंग बघून मी जास्तीचे कांदे, टोमॅटो, हिरव्या मिरच्या, लिंबं आणि कोथिंबीर घेतली. शिवाय इथे ऐन उन्हाळ्यात आंबा असतो, तर आंब्यांची एक अख्खी पेटी. हापूस नाही. पण परदेशात माणूस जमवून घेतो.

आता ऐक. व्हिक्टोरिया सोडून साउथ ऑस्ट्रेलियात शिरताना रस्त्यावर नाका आहे. आपल्याकडे नाका म्हटलं की टोल. हा टोलचा नाही, फळांचा. एकाच देशातल्या एका राज्यातून दुसऱ्यात जाताना गाडी थांबवायची, डिकी उघडायची आणि जवळचं फळ तिथे टाकून द्यायचं. कारण फळमाशी. रेनमार्कच्या भागाला रिव्हरलँड म्हणतात, तो सगळा पट्टा संत्री, बदाम, द्राक्षांचा. 2020 च्या डिसेंबरात रेनमार्कच्या आसपास फळमाशी सापडली आणि तेव्हापासून तिथे भलताच कडक कारभार आहे. चोरून नेलं तर जागेवर दंड, आणि दंडाचा आकडा मी तुला सांगणार नाही, उगीच रुपये करत बसशील.

फळ म्हणजे आंबा, हे मला कबूल. पण यांच्या हिशेबी टोमॅटो फळ. लिंबू फळ. हिरवी मिरची फळ! मी त्या बाईंना म्हटलं, अहो, आमच्याकडे हिला फळ म्हणणाऱ्याला वेड्यात काढतील. बाई फार गोड होत्या. हसल्या आणि मिरच्यांची पिशवी उचलून ठेवली. कांद्यांना हात लावला नाही, कोथिंबीरही सुटली. शिजवलेलं, वाळवलेलं चालतं म्हणे, त्यामुळे लोणचं आणि भडंगही वाचलं. मी तेलात परतून नेलेल्या ठेच्याची बरणी त्यांनी झाकण काढून नाकाजवळ नेली. डोळ्यांत पाणी आल्यावर म्हणाल्या, यात कोणतीही माशी जगणार नाही, घेऊन जा.

आंबे टाकून द्यायचं मात्र मन होईना. नाक्याच्या आधीच जागा बघून आम्ही गाडी बाजूला लावली आणि तीन कुटुंबांनी मिळून पेटी संपवायला घेतली. बेचाळीस अंशांचं ऊन, सावलीला एक झाड, आणि ओवीच्या कोपरापर्यंत रस ओघळतोय. अथर्वने शेवटी "मला आता आंबा नको" असं वाक्य उच्चारलं. आपल्या घराण्यात हे आजवर कोणी म्हटलेलं नाही. आजी असती तर दृष्ट काढली असती. कोयी परत पेटीत भरल्या आणि नाक्यावर रीतसर स्वाधीन केल्या.

दादाला सांग, फळमाशीवर इथल्या लोकांचा उपायही ऐकण्यासारखा आहे. पोर्ट ऑगस्टा म्हणून गाव आहे, तिथे फळमाश्याच वाढवतात. त्यांना वांझ करतात आणि दर आठवड्याला कोट्यवधींनी सोडतात. रानातल्या माश्या त्यांच्याशी संसार थाटतात आणि वंश पुढे जात नाही. शकूआत्या म्हणेल, एवढ्या माश्यांची लग्नं लावता आणि आमच्या मिलिंदचं जमवत नाही. बरं आठवलं, मिलिंदसाठी इथली मुलगी बघायला सांगू नकोस. इथल्या मुली त्याच्या "मला स्वयंपाक येत नाही" या पात्रतेवर फारशा भाळणार नाहीत.

नाका ओलांडला की घड्याळ अर्धा तास मागे. तास नाही, अर्धा. मेलबर्न तुमच्या साडेपाच तास पुढे, रेनमार्क पाच. म्हणून तू रोजच्या वेळेला फोन केलास तेव्हा आम्ही नदीवर होतो आणि फोन किनाऱ्यावर. तेवढ्यात दादाला तिकडे उठवायची खरंच गरज नव्हती.

नदीचं काय सांगू. झाडांच्या रांगा दोन्ही काठांना, त्यांना रिव्हर रेड गम म्हणतात. उंच पिवळट कडे, वळणावळणाचं पात्र. या नदीवर एकामागून एक लॉक आणि बंधारे आहेत, पहिलं लॉक 1922 मध्ये ब्लँचटाउनला झालं. बाबा, आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यामागे उन्हाळ्यात पाणी तुंबून राहतं ना, तसंच. पहाटे वारा सुटायच्या आत पाणी घासलेल्या परातीसारखं असतं, आणि अनवाणी जाणाऱ्यांना तेच हवं. म्हणून सगळे अंधारात उठतात. सुट्टीत. मी म्हटलं, हे बाबांचे नातेवाईक निघाले.

बोटीच्या बाजूला एक आडवा दांडा असतो, नवशिक्याने तो धरायचा. आधी पाण्यात बुड टेकून बसायचं, वेग आला की गुडघे वाकवून टाचा पाण्यात रुतवायच्या, बोटं वर. बोटं खाली गेली की माणूस तोंडावर. साठच्या वेगाला पाणी मऊ राहत नाही. जाड वेटसूट घालतात, पण नाकात जायचं ते पाणी जातंच. समीर उभा राहिला की नाही? राहिला. "उभा राहिला!" असं मी ओरडून पूर्ण करीपर्यंत राहिला.

मला तिथे सरकारी काम होतं. बोट हाकणाऱ्याने पुढे बघायचं, आणि दुसऱ्या एका माणसाने मागे तोंड करून पाण्यातल्या माणसावर नजर ठेवायची, असा कायदा आहे. नवऱ्यावर नजर ठेवायचं काम मी लग्न झाल्यापासून करतेच आहे, आता त्याला मान्यता मिळाली. खुणा ठरलेल्या असतात. अंगठा वर म्हणजे जोरात, खाली म्हणजे हळू, डोक्यावर हात म्हणजे परत किनाऱ्याला चला. आता समीर पडला की काय करतो? डोक्याला हात लावतो. बँकेचं पत्र आलं, दूध उतू गेलं, भारत हरला, सगळ्याला त्याचं तेच. पाण्यातून वर आला, डोक्याला हात लावला, पोरं ओरडली "बाबा म्हणतोय घरी चला!" आणि बोटकाकाने त्याला उचलून थेट धक्क्यावर आणून सोडलं. असं किती वेळा झालं हे तो मला लिहू देत नाहीये, मागे उभा आहे.

बोटकाकाचे वडील बाबांच्याच वयाचे. सकाळी सगळ्यांच्या आधी आले, पाण्यात पाठीवर पसरले, दोरी ताणली गेली तसे उठून बसले आणि मग उभेच राहिले. अनवाणी. एक हात सोडून आम्हाला नमस्कार केल्यासारखा हलवला. आई, हा परिच्छेद बाबांना वाचून दाखवू नकोस.

संध्याकाळी ते मला त्यांच्या शेडमध्ये घेऊन गेले. द्राक्षाचा बागायतदार माणूस. तुमचं थॉम्पसन सीडलेस त्यांच्याकडे सुलताना. बेदाण्याचं डिपिंग, जाळ्यांवर सुकवणं, सगळं बोललो. दादा फोनवर असता तर रात्र झाली असती. वाईनच्या लाल द्राक्षाला भाव नाही म्हणून त्यांचा शेजारी बाग उपटतोय. हेही दादाला सांग, त्याला जरा बरं वाटेल. मग त्यांनी भिंतीवरची खूण दाखवली, 2022 च्या डिसेंबरात पाणी कुठवर आलं होतं. 1956 नंतरचा सगळ्यात मोठा पूर. पण ही नदी संथ. पाणी येतंय हे कित्येक आठवडे आधी कळतं, लोक बांध घालतात, सामान हलवतात, वाट बघतात. त्यांनी विचारलं, तुमच्या नदीला येतो का पूर?

मी सांगलीच्या आयर्विन पुलाचं सांगायला लागले. 2019 चा ऑगस्ट, 57 फूट पाणी. अलमट्टी धरणावरून तुमच्या आपसातल्या वादाचंही सांगितलं, कोयना धरणातून किती पाणी सोडलं तेही. तुमचा फोन लागत नव्हता आणि मी इथे रात्रभर टीव्हीवर गणपती पेठेतलं पाणी बघत होते, कोणत्या गल्लीतून बोट चाललीये ते ओळखायचा प्रयत्न करत, तिथवर आले आणि पुढे मला बोलता येईना. म्हातारबाबा काही म्हणाले नाहीत. त्यांनी एक खुर्ची झटकून पुढे केली. शेडमधून परतल्यावर मेतकूट-भात केला आणि मी तो पातेल्यातच खाल्ला. बाबा, लहानपणी तुम्ही मला पाठीला पत्र्याचा डबा बांधून कृष्णेत ढकललं होतंत आणि घाटावरून ओरडत होतात, "हात मार, हात मार". समीर पडत होता तेव्हा माझ्या तोंडून तेच निघत होतं. बोटीवर कोणाला कळत नव्हतं. पोरं मात्र आता एकमेकांना तेच ओरडतात.

असो. इस्त्री तापलीये, शाळा सुरू होतेय. बाकी उत्तरं भराभर देते. मीनाताईच्या साखरपुड्याला येणं जमणार नाही, साडी पाठवतेय, पण रंग तिच्या सासूने ठरवायचा नाही. शेजारच्यांच्या आंब्याची फांदी आपल्या गच्चीवर आलीये ती तोडू नका, कैऱ्या आपल्या बाजूच्या आपल्या. बाबांच्या गुडघ्याला डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, पोहायला नाही. वहिनीला म्हणावं, भडंगाचा मसाला जरा कमी तिखट झालाय, ती रागावेल पण खरं ते खरं.

आणि शकूआत्या आजीचा पाटा-वरवंटा मागतेय म्हणालीस. देऊ नकोस. आजीने तो मला सांगून ठेवला होता, मावशी साक्षीला होती. पुढच्या डिसेंबरात आले की घेऊन येईन. सामानाचं वजन वाढेल तर समीरचे कपडे तिथेच ठेवीन. नाक्यावरही अडवणार नाहीत, दगडाला फळमाशी लागत नाही.

तुमची,
स्मिता