लॉक घेतलं, सोडायचं कोणी?

जळगावच्या एमआयडीसीतली एक डाळमिल. ऐन हंगामात तुरीच्या गाड्या दारात उभ्या आणि काट्याची पावती निघता निघत नाही. धुळ्याच्या सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला की ठरलेलं उत्तर: "भाऊ, सर्व्हर बंद-चालू करून घ्या." केलं की काही दिवस बरं चालायचं, मग पुन्हा तेच.

दोष होता रात्री चालणाऱ्या देखभालीच्या कोडमध्ये. जुन्या नोंदी पुसून व्हॅक्युम करणारं हे काम एका वेळी दोनदा सुरू होऊ नये, म्हणून ते आधी पोस्टग्रेसचं ॲडव्हायझरी लॉक घेतं. इथवर बरोबर. पण लॉक सोडणारी ओळ होती अगदी शेवटी. मध्येच एरर आली की तिथपर्यंत कोड पोहोचतच नाही. हे लॉक सेशनचं असतं. ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं तरी सुटत नाही. कनेक्शन तुटलं असतं तर सुटलं असतं, पण ते पूलमध्ये परत गेलं, लॉक पोटात घेऊन. दुसऱ्या रात्री काम वेगळ्या कनेक्शनवर आलं, लॉक मिळालं नाही, म्हणून मुकाट्याने परत फिरलं. लॉगमध्ये एक ओळही नाही. मेलेल्या नोंदींचा ढीग वाढत राहिला आणि पावती रखडत गेली.

ट्रान्झॅक्शनपुरतं लॉक घ्या, असा सल्ला लगेच मिळतो. पोस्टग्रेसमध्ये तशी सोय ९.१ आवृत्तीपासून आहे. पण व्हॅक्युम ट्रान्झॅक्शनच्या आत चालतच नाही, तेव्हा इथे ती कामाची नाही. लॉक सोडणं 'फायनली'मध्येच हवं, ज्या कनेक्शनवर घेतलं त्याच कनेक्शनवर हवं, आणि लॉक न मिळाल्यास लॉगमध्ये तसं ठणकावून लिहिलेलं हवं.

सर्व्हर बंद-चालू करणं ही दुरुस्ती नव्हे. त्याने कनेक्शन तुटून लॉक सुटतं खरं, पण पुरावाही पुसला जातो. आधी 'पीजी_लॉक्स' उघडून लॉक कोणाकडे अडकलंय ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांत डेटाबेस शिकवणाऱ्या सर-मॅडमना एक विनंती. डेडलॉकची व्याख्या मुलं पाठ करतात. प्रॅक्टिकलला लॉक घेतल्याच्या पुढच्याच ओळीवर त्यांना मुद्दाम एरर आणायला लावा. मग दुसऱ्या कनेक्शनवरून तेच लॉक मागायला सांगा. मिळालं तरच मार्क द्या.