डिग्रीला आरएल आहे का?

नवतपा लागला की नागपूरच्या मनीषनगरात दिवस फक्त सकाळी साडेसहा ते आठ एवढाच असतो. मग खिडक्या बंद, कूलर सुरू, आणि माणसं थेट दिवेलागणीला दिसतात. त्यामुळे शेजारच्या काकूंशी आमच्या गप्पा सकाळच्या, कंपाउंडच्या दोन बाजूंनी. त्या दिवशी काकूंनी कूलरच्या ताट्या बदलल्या होत्या आणि टाकीत पाइप सोडून त्या भिंतीशी आल्या. मी सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होते.

"ऐकलं का गं, आमची धाकटी दिल्लीला जाते म्हणून राहिली."

"फिरायला?"

"शिकायला. अर्बन स्टडीज. शहराचा अभ्यास म्हणे. मी म्हटलं, बाप्पा, त्याच्यासाठी दिल्ली कायले पाहिजे? बेसा रोडवर दोन वर्षं उभी राहा, सगळं समजते."

बोलणं अगदीच खोटं नाही. रेल्वेचं फाटक पडलं की इथे अर्धा अर्धा तास गाड्या तुंबायच्या. काकूंचं एकदा अख्खं आइस्क्रीम वितळलं होतं तिथे, वाढदिवसाचं. 2020 च्या नोव्हेंबरात उड्डाणपूल आणि खालचा रस्ता सुरू झाला, आणि आता पाऊस जोरात आला की खालच्या रस्त्यानं जावं की नाही याची फोनाफोनी होते. पलीकडे वर्धा रोडवर खाली रस्ता, मध्ये पूल, वर मेट्रो. सव्वातीन किलोमीटरच्या जरा आतल्या त्या डबलडेकरला 2022 मध्ये गिनीजचं प्रमाणपत्रही मिळालं. हे कोण ठरवतं, कसं ठरवतं, असं त्या पोरीला वाटलं तर त्यात नवल काय?

"खर्च किती?" मी मुद्द्यावर आले.

काकूंनी पदराआडून एक लग्नपत्रिका काढली. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं आकडेमोड. धाकटीपुढे दोन वाटा होत्या. एक दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठातली अर्बन स्टडीजची एमए. सरकारी विद्यापीठ, फी आवाक्यातली, खर्च काय तो राहण्याखाण्याचा. दुसरी एका खासगी विद्यापीठाची, त्याचं नाव घेत नाही. चकचकीत पत्रक, काचेची इमारत, आणि होस्टेल धरून दहा लाखांच्या घरात. पोरीचा जीव काचेच्या इमारतीत अडकलेला.

"दहा लाख कर्ज, दहा टक्के व्याज, दहा वर्षं," काकू बोट फिरवत म्हणाल्या, "हप्ता तेरा हजार दोनशे. शिकते तोवर आणि वर एक वर्ष हप्ता नाही म्हणते बँकवाली. पण व्याज चढूनच राहते नं! पगार पस्तीस हजार धरला मी. मुंबईत नोकरी लागली तर पेइंग गेस्टचे बारा हजार. उरले किती?"

"नऊ हजार आठशे."

"त्यात लोकलचा पास, डबा, आणि आमच्याकडे दिवाळीला येणं." पत्रिकेवरच्या गणपतीकडे पाहून त्या म्हणाल्या, "बाबा रे, तूच पाह्य."

एवढ्यात काका आले. काका सरकारी आरेखक म्हणून रिटायर झालेले. तीस वर्षं नकाशे काढले, दुसऱ्यांच्या सह्यांसाठी. अंगणाचा उतार त्यांनी स्वतः पाण्याची नळी लावून काढलाय, आणि ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

"नागपूरचा माणूस प्लॉट घेताना पहिले काय विचारतो?" काकांनी मला विचारलं.

"आरएल आहे का."

रिलीज लेटर, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र. हा प्रश्न कोणालाही शिकवावा लागत नाही. शेतजमिनीवर चुना टाकून पाडलेले लेआउट, 572 च्या आणि 1900 च्या यादीतले, त्यांच्या नियमितीकरणाच्या चकरा, डिमांड भरल्याच्या पावत्या हे इथल्या घराघरांतलं महाभारत. 2001 चा गुंठेवारीचा कायदा ज्यांना पाठ नाही, त्यांच्या घरी फाइल तरी आहेच. प्लॉट कितीही देखणा असो, रस्ता चाळीस फुटी असो, आरएल नसेल तर बँक दारात उभं करत नाही.

"मग डिग्रीला काहून नाही विचारत?" काका म्हणाले. "आमच्या नगररचना खात्यात रचना सहायकाची भरती निघाली 2024 मध्ये. पात्रता काय? सिव्हिलचा डिप्लोमा. त्याच्या वर सहायक नगर रचनाकार. तिथे सिव्हिल, आर्किटेक्चर नाहीतर प्लॅनिंगची पदवी. आपली पोट्टी बीए इकॉनॉमिक्स. वर एमए अर्बन स्टडीज केलं तरी अर्जाच्या खिडकीतूनच परत."

"म्हणजे समोरचा डिप्लोमावाला पोट्टा शहर आखणार आणि आमची एमए घरी बसणार?" काकूंचा आवाज चढला. समोरच्या घराची खिडकी जराशी किलकिली झाली.

मला हा भाग खरंच खटकतो. नीती आयोगानं 2021 मध्ये अहवाल काढला होता: देशातल्या जवळपास आठ हजार शहरांपैकी 65 टक्क्यांना विकास आराखडाच नाही. राज्यांच्या नगररचना खात्यांत मंजूर पदं चार हजारांच्याही आत, त्यातली 42 टक्के रिकामी, आणि गरज बारा हजारांची. त्याच अहवालात हेही आहे, की बऱ्याच राज्यांत या पदांसाठी नगररचनेची पदवी लागतच नाही. भूक एवढी, स्वयंपाकघर रिकामं, आणि आचारी दाराबाहेर!

"तो पॅट्रिक गेडिस," काका भिंतीवर कोपर टेकवून रंगात आले, "स्कॉटलंडचा म्हातारा. मूळचा वनस्पतिशास्त्राचा माणूस. शंभर वर्षांपूर्वी नागपूरच्या नगररचनेवर अहवाल लिहून गेला. मुंबई विद्यापीठात 1919 साली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचा पहिला प्रमुख हाच. पुढे ती खुर्ची आपल्या मालवणच्या घुर्यांकडे आली. आज तो अर्ज करता तर सिव्हिलचा डिप्लोमा नाही म्हणून बाद."

"मग व्हीएनआयटी?" मी विचारलं. घरून स्कूटीनं जाता येईल, तिथे अर्बन प्लॅनिंगचं एमटेक आहे, आणि गेट परीक्षा देऊन आत गेलं की महिन्याला 12,400 रुपये विद्यावेतन मिळतं, हे मला भाचीमुळे माहीत होतं. भाची आर्किटेक्ट. तिला शिकताना घरून पैसे लागले नाहीत, उलट तिनं आईला मिक्सर घेऊन दिला.

"तेच तर दुखणं," काका म्हणाले. "ते आर्किटेक्ट, सिव्हिल, प्लॅनिंगवाल्यांना. बीएवाल्यांना थेट दार नाही. पण एमए भूगोल, इकॉनॉमिक्स नाहीतर समाजशास्त्र केलं, तर दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरसारख्या ठिकाणी प्लॅनिंगच्या मास्टर्सला अर्ज चालतो. म्हणजे इथे नागपूर विद्यापीठात दोन वर्षं, मग तिथे दोन."

"चार वर्षं!" काकू.

तेवढ्यात धाकटी दात घासत गच्चीवर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. इथे कोण नाही ऐकत? तोंडात फेस असतानाच ती म्हणाली, "मला सरकारी खुर्चीत बसायचंच नाही. मला लोकांची घरं, भाडी, पाणी, याच्यावर काम करायचंय. संस्था आहेत, अभ्यास करतात, सल्लागार कंपन्या घेतात."

"अकरा महिन्यांच्या कंत्राटावर," काका. "स्मार्ट सिटीत किती पोरं होती अशी. 2025 च्या मार्चला मिशन संपलं."

धाकटी गप्प झाली, चूळ भरली, परत आली. "मग दहा लाखांचं नको. आंबेडकरचंच बरं. कंत्राट सुटलं तर निदान डोक्यावर हप्ता नाही."

काकूंनी लग्नपत्रिकेवरचा दहाचा आकडा दोनदा खोडला. मला वाटतं, पोरीनं बरोबर पकडलं. शंका विषयावर नव्हतीच. उत्पन्नाची खात्री नसलेल्या विषयावर कर्ज किती काढायचं, एवढीच होती. एमए इकॉनॉमिक्सवाली लांबची वाट काका मात्र सोडायला तयार नव्हते.

"अहो, पाइप!" काकू एकदम ओरडल्या.

कूलरची टाकी कधीचीच भरून वाहत होती. पाणी ओट्यावरून अंगणात, अंगणातून भिंतीखालच्या भोकातून सरळ आमच्याकडे, आणि माझ्या निवडलेल्या सांबाराची टोपली निम्मी पाण्यात.

काका वाकून बराच वेळ पाहत राहिले. "उतार तर मी गेटकडे काढला होता," ते म्हणाले.