300 पैकी 89

नांदेड आणि लातूर या दोन गावांत फोटो ही भिंतीवर लावायची नव्हे, फॉर्मला लावायची वस्तू आहे. नीटच्या फॉर्मला पांढरी पार्श्वभूमी लागते, चेहरा 80 टक्के लागतो, दोन्ही कान दिसावे लागतात आणि एवढं सगळं 200 केबीच्या आत कोंबावं लागतं. लातूरच्या ट्यूशन एरियातलं कुठलंही पोरगं डोळे झाकून फोटो केबीत बसवून देईल. लहान करण्यात आमचा हात कुणी धरणार नाही. घोळ होतो तो मोठा करताना.

सासऱ्यांची एकसष्टी लातुरात झाली. सगळं गणगोत एका फोटोत मावलं, तेव्हा सासूबाईंनी फर्मान काढलं, ‘बैठकीत लावायला मोठा करून आणा.’ मेव्हण्यानं तो ग्रुपवर टाकला, मावशीनं त्यावर गुलाबाचं फूल डकवून परत टाकला. फूल नसलेला शोधून मी नांदेडला वजिराबादेतल्या लॅबमध्ये गेलो.

‘मामा, हे व्हॉट्सॲपवरून आलेलं दिसायलंय,’ लॅबवाला पोरगा म्हणाला. ‘लांब बाजूला 1600 ठिपके हायत. तुमाला पायजे 12 बाय 18. भागा 18 नं. इंचाला 89 पडायलेत, चांगल्या प्रिंटला लागतात 300.’

‘मग?’

‘300 पैकी 89. एवढ्यावर कुठं नंबर लागतो का, मामा?’

पोरगा नीटचा रिपीटर होता, हे वेगळं सांगायला नको.

‘तुमच्याकडं ते एआय का काय असतं ना?’

‘असतंय की. पण ते नसलेलं नाक बसवतंय. सासरे तुमचे राहतील का, सांगता येत नाही.’

वर त्यानं माझ्या फोनचा उजेड निम्म्यावर आणून फोटो दाखवला. मंडपातली मागची रांग अंधारात गेली. कागदाला आतून दिवा नसतो, त्यामुळं उन्हात फुल उजेडावर बघून ‘झकास’ म्हटलेला फोटो प्रिंटमध्ये काळवंडतो. मागची रांग उजळावी लागेल, तो म्हणाला. मग सवयीनं सासऱ्यांचे गालही उजळायला निघाला, तेव्हा मात्र मी त्याचा हात धरला. औसा रोडच्या उन्हात 61 वर्षं कमावलेला रंग आहे तो.

इलाज एकच. ज्या फोनवर फोटो काढला, त्यातूनच मूळ फाईल आणायची. व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली की ठिपके शाबूत येतात. नाहीतर पेन ड्राइव्ह अहमदपूर-लोहा करत एसटीनं.

आता तो फोन कुणाचा? शोध घेता घेता घरात शांतता पसरली. फोन धाकट्या साडूचा. केटरिंगच्या पोराच्या हातात देऊन त्यानंच फोटो काढायला लावला होता. आणि एकसष्टीत मला फेटा, त्याला नुसतं उपरणं मिळालं, म्हणून तो तेव्हापासून कुणाचाच फोन उचलत नव्हता. वडीलधाऱ्यांनी मध्यस्थी करून पाहिली होती. शेवटी सासऱ्यांनी स्वतः फोन लावला आणि ठिपक्यांचं गणित जसंच्या तसं सांगितलं.

फाईल आली. लांब बाजू 4000, म्हणजे इंचाला 222. ‘मॅनेजमेंट कोट्यात बसतंय,’ पोरगा म्हणाला. ‘भिंतीवर लांबूनच बघायचंय.’

पण फोनचा फोटो 4 ला 3, कागद 3 ला 2. 12 बाय 18 भरून छापायचा तर उंचीतला दीड इंच कापावा लागणार, आणि त्या दीड इंचात माझा फेटा. 8 बाय 10 केला तर फेटा वाचतो, पण दोन्ही कडा थोड्या थोड्या जातात. उजव्या कडेला साडू उभा.

पोरानं तिसरा मार्ग सांगितला: बाजूला पांढरी कड सोडायची, म्हणजे अख्खा फोटो बसतो. सासूबाईंना विचारायला फोन केला, तर उचलला साडूनंच. तो लातुरात सासुरवाडीला येऊन जेवायला बसला होता.

‘दीड इंच कापा की,’ तो म्हणाला. ‘कागद कशाला वाया घालवायचा?’