मुक्काम महाबळेश्वर, भाषा लॅटिन

महाबळेश्वरला गेलेला माणूस स्ट्रॉबेरी खातो, जांभळाचा मध घेतो, आर्थर सीटच्या वाऱ्यात टोपी सांभाळतो आणि घाट उतरतो. यात लॅटिनचा संबंध कुठे आला, असं कुणी विचारलं तर उत्तर एवढंच की पहिल्याच घासात. २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या या फळाचं शास्त्रीय नाव आहे फ्रॅगारिया अननासा. म्हणजे जिच्यासाठी आपण पसरणी घाटात गाड्यांच्या रांगेत तिष्ठतो, ती स्ट्रॉबेरी कागदोपत्री अननसाच्या घरी दत्तक गेलेली आहे. अठराव्या शतकात युरोपात हा संकर झाला आणि कुणाच्या तरी नाकाला त्यात अननस जाणवला. नाक एकाचं, नाव जन्माचं. लॅटिन न येणाऱ्यालाही क्रीम मिळतंच, गंमत तेवढी हुकते.

पण नुसत्या गमतीसाठी कुणी व्याकरण घोकत नाही. माझं म्हणणं असं की, लॅटिन शिकावं ते विद्वान दिसण्यासाठी नव्हे, आपल्याच डोंगरावर काय उगवतं याचा नीट निवाडा व्हावा म्हणून. अंजनाचंच घ्या. महाबळेश्वरकर अंजन म्हणतो तेव्हा त्याच्यापुढे फांद्यांना निळ्याजांभळ्या फुलांचे झुबके लगडलेलं ठेंगणं झाड असतं. खानदेशी माणूस अंजन म्हणतो तेव्हा कोरड्या टेकडीवरचं उंच, टणक लाकडाचं, आपट्यासारख्या जोडपानांचं झाड असतं. दोघंही खरं बोलतात, दोघंही अस्सल मराठीत, म्हणूनच वाद मिटत नाही. पहिलं मेमेसायलॉन अंबेलेटम, दुसरं हार्डविकिया बायनेटा म्हटलं की मिटतो. बायनेटा म्हणजे जोडीजोडीनं, त्यामुळे पानंही लगेच ओळखू येतात. कासच्या पठारावरच्या वायतुऱ्याच्या मराठी नावात साताऱ्याचा पत्ता नाही. तो आहे ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस या नावात, आणि १९८२ साली ते ठेवलं भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी. तेव्हा नियमच होता की, नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्ये छापल्याशिवाय तिचं नाव ग्राह्य नाही. १९३५ पासून २०११ अखेरपर्यंत तो चालला. साताऱ्याच्या मातीत उगवून, साताऱ्याच्या पावसात भिजून या रोपट्याला जन्मदाखला मिळाला तो लॅटिनमध्ये.

आता आक्षेप. पहिला वाईहून येणार, की आपली संस्कृत असताना ही परकी कशाला? तर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईतच घडलेला मराठी विश्वकोश उघडा. झाडाच्या नोंदीत हिंदी, संस्कृत, इंग्रजी नावांच्या पंगतीला ‘लॅ.’ पाट मांडून बसलेलं दिसेल. संस्कृत शिकवणाऱ्या प्राज्ञपाठशाळेच्या गावाला ज्याचा विटाळ झाला नाही, त्याचा आपल्याला का व्हावा? दुसरा आक्षेप, ही साहेबाची भाषा. साहेबाची कसली, त्यालाही ती शाळेत छड्या खाऊनच आली होती. उलट कारवीसाठी कार्व्हिया हे प्रजातीचं नाव बनलं तेव्हा लॅटिनलाच मराठीकडे हात पसरावा लागला. तिसरा आक्षेप वजनदार आहे. ही नावं तरी कुठे टिकतात? जांभूळ आधी युजेनिया होतं, आता सायझिजियम झालं. खरं आहे. पण हा फेरफार कुणी केला आणि जुनं नाव कोणतं, याची नोंद सातबाऱ्यासारखी राहते. गावोगाव बदलणाऱ्या नावांना तलाठी नसतो. उरला मोबाइल. तो फोटो पाहून नाव सांगतो हे कबूल, पण सांगतो ते लॅटिनच. ते वाचून ‘बरं’ म्हणत खिशात टाकायचं असेल तर झाड आणि माणूस, दोघंही होते तिथेच राहतात.

तेव्हा दहावीला सक्तीचं लॅटिन नको, पोरांच्या पाठीवर आधीच पुरेसं ओझं आहे. ज्याला डोंगर आवडतो त्याने पन्नासेक शब्द शिकावेत, तेवढ्यावर निम्मं रान उलगडतं. आणि जे पाट्या लावतात त्यांना एक विनंती. पॉइंटापॉइंटांवर एल्फिन्स्टन, लॉडविक, विल्सन यांची नावं आपण अजून झळकवतो, जणू ते सुट्टीला येणारच आहेत. वाटेवरच्या अंजनालाही एक पाटी द्या. वर मराठी नाव ठळक अक्षरांत, खाली लॅटिन, आणि तेही देवनागरीत.