बांधलेल्या इंजिनाची निष्ठा

चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या गावांत जुन्या डिझेल जीपची थोरवी गाणारे जे रसिक आढळतात, त्यांच्या शास्त्रात ‘दगा न देणारे इंजिन’ म्हणजे दोनदा ‘बांधलेले’, अर्थात पूर्ण उघडून पिस्टन, रिंगा व बेअरिंगे बदलून पुन्हा जोडलेले, आणि तरीही ‘ओरिजिनल’ म्हणवले जाणारे इंजिन होय. रोगनिदान धुरावरून होते: काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा अपुरी, निळा म्हणजे ऑइल जळते आहे, आणि पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडते आहे किंवा सिलिंडरात पाणी शिरले आहे; या अर्थांविषयी सहसा वाद नसतो, वाद असतो तो समोरचा धूर नेमका कोणत्या रंगाचा, एवढ्यापुरताच. हौसेने थोरले टायर चढवले, की चाकाचा प्रत्येक फेरा अधिक अंतर कापतो आणि वेगमापकाचा काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो; असा विनय जीपच्या मालकाच्या अंगी मात्र (अपवाद वगळता) उतरत नाही. बदलांच्या या हौसेला कायद्याचीही मर्यादा आहे: मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार, नोंदणीपुस्तकातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही.