सुताराचा हात

जोडलेल्या हातांचं ते चित्र तुम्ही नक्की पाहिलेलं असणार. मिशनच्या दवाखान्यात काउंटरमागे, नाहीतर कुणाच्या शोकेसमधल्या मगवर. नुसते दोन हात, दुमडलेल्या बाह्या, एकमेकांना टेकलेली लांब बोटं. बाकी माणूस गायब. आल्ब्रेख्त ड्यूररने ते 1508 साली निळ्या कागदावर कुंचल्याने काढलं आणि आता ते व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे. फ्रँकफर्टच्या याकोब हेलर या व्यापाऱ्याने वेदीसाठी मोठं चित्र मागवलं होतं, त्यातल्या एका प्रेषिताच्या हातांचा हा सराव. पुढे मोठ्या चित्राचा मधला भाग 1729 मध्ये म्युनिकच्या राजवाड्याला लागलेल्या आगीत जळाला आणि सरावाचा हा कागद मात्र उरला. विद्यार्थ्यांनी रफ वही फेकू नये ती यासाठी.

या चित्रासोबत एक गोष्टही फिरत असते. ड्यूररच्या भावाने म्हणे त्याच्या शिक्षणासाठी खाणीत काम केलं, त्यात बोटं निकामी झाली, आणि कृतज्ञ ड्यूररने तेच हात रंगवले. गोष्ट साफ खोटी आहे. ड्यूररचे वडील न्यूरेंबर्गमधले चांगले सोनार, खाणीचा संबंध येतो कुठे? तरी ती मरत नाही. मला त्याचं कारण असं दिसतं की ते चित्रातले हात फारच नेटके आहेत. कुणाची भांडी घासून आलेत, कुणाला उचलून आलेत असं वाटत नाही. माणसांना त्यांच्यावर थोडा मळ, थोडे घट्टे हवे असतात. चित्रात सापडले नाहीत, म्हणून लोकांनी गोष्टीत घातले.

आणि शुभवर्तमानं उघडून पाहिली तर लोकांची बाजू खरी ठरते. येशू प्रार्थना करताना आकाशाकडे पाहतो, जमिनीवर पालथा पडतो, पण हात जोडल्याचा उल्लेख एकदाही नाही. त्याचे हात कायम कशात तरी गुंतलेले. उपदेशाला लागला तेव्हा तो तिशीचा होता. त्याआधी नाझरेथमध्ये सुतारकाम. शतपतीचा नोकर त्याने लांबूनच, तिथे न जाता बरा केला, म्हणजे स्पर्शावाचून काही अडत नव्हतं. तरी कुष्ठरोगी समोर आला तेव्हा त्याने आधी हात लावला आणि मग बरं केलं. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. बरा झाल्यावर पाठ थोपटायला सगळेच येतात.

मार्कने तर एक भलतीच प्रामाणिक हकिकत लिहून ठेवली आहे. बेथसैदाच्या आंधळ्यावर येशूने हात ठेवले आणि विचारलं, काही दिसतंय का? तो म्हणाला, माणसं दिसतात, पण झाडं चालल्यासारखी. मग पुन्हा हात ठेवावे लागले. चमत्कारालाही दुसऱ्यांदा दाखवायला या, असं असू शकतं! एखाद्या चतुर शिष्याने हा तपशील गाळला असता.

शेवटच्या रात्री येशूने शिष्यांचे पाय धुतले. पेत्र आधी नको नको म्हणाला आणि मग नुसते पाय कशाला, हात आणि डोकंही धुवा म्हणून मागे लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच शहरात रोमी सुभेदार पिलातानेही पाणी मागवलं, पण ते जबाबदारी झटकून स्वतःचे हात धुण्यासाठी. पाणी सारखंच. बहुतेक कचेऱ्यांमध्ये अजून पिलाताची पद्धत चालते. पुढे थोमा या शिष्याला येशूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा बघायच्या होत्या, त्या त्याला दाखवल्या गेल्या. आणि योहान सांगतो त्याप्रमाणे नंतर एका पहाटे तलावाकाठी निखाऱ्यावर मासे भाजून ठेवलेले होते, रात्रभर जाळी टाकून थकलेल्या शिष्यांसाठी. मरणावर मात केलेला माणूस न्याहारीच्या तयारीला लागतो, हे वसईतल्या कोणत्याही आजीला समजावून सांगावं लागणार नाही.

या हातांचा अर्थ धर्मपंडितांपेक्षा एका शल्यविशारदाला जास्त लागला, असं माझं मत आहे. पॉल ब्रँड 1914 साली तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात मिशनरी घरात जन्मले. लहानपणी पू पाहून त्यांना इतकी शिसारी यायची की डॉक्टर व्हायचं नाही हे ठरलेलंच होतं. त्यांनी इंग्लंडात इमारतीचं काम शिकून घेतलं, गवंडीकाम आणि सुतारकाम. मग मन बदललं, लंडनला वैद्यकी झाली आणि 1946 मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले.

पुढच्या वर्षी चेंगलपट्टूच्या कुष्ठधामात त्यांनी एका रुग्णाच्या वाकड्या बोटांत आपला हात दिला आणि म्हणाले, दाब. अपेक्षा अशी की लुळा हात, काय दाबणार? त्याने असा दाबला की डॉक्टरच कळवळले. हातातले काही स्नायू शाबूत आहेत हे त्या कळेतून कळलं. मग चांगल्या स्नायूची दोरी वळवून निकामी बोटाला जोडण्याच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या.

बोटं रोगाने झडतात, हा सगळ्यांचा समज. ब्रँड यांनी पाहिलं की रोग वेदना काढून घेतो आणि बोटांचं नुकसान बहुतेक त्या वेदनेच्या गैरहजेरीत होतं. एका गंजक्या कुलपात त्यांना किल्ली फिरवता येईना, ती एका पोराने सहज फिरवली. त्याचं बोट हाडापर्यंत कापलं होतं आणि त्याला पत्ता नव्हता. काहींची बोटं रात्रीतून कमी व्हायची. रात्र जागून पाहिलं, तर उंदीर! झोपलेल्याला कुरतडल्याचं कळतच नव्हतं. तेव्हापासून घरी जाणाऱ्या रुग्णासोबत एक मांजरही जाऊ लागलं. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात मांजरीला इतका मान दुसरीकडे मिळाला असेल असं वाटत नाही.

एकदा एका रुग्णाशी बोलताना ब्रँड यांनी सहज त्याच्या खांद्यावर हात ठेवला तर तो रडायला लागला. काही लागलं का म्हणून विचारलं. इथे येईपर्यंत कित्येक वर्षांत त्याला कुणी हातच लावला नव्हता.

पण खरा पेच पुढे आला. हात सरळ झालेला एक रुग्ण परत येऊन तक्रार करू लागला की हे हात वाईट आहेत. भीक मिळेना! वाकड्या बोटांकडे पाहून लोक पैसे टाकत, आता टाकत नाहीत, आणि रोगाचा डाग तसाच असल्याने काम कुणी देत नाही. एखादा डॉक्टर म्हणाला असता, माझं काम झालं, पुढचं समाजाने बघावं. ब्रँड यांना ती सोय घेता आली नाही. त्यांनी वेल्लोरला एक छोटी वसाहत उभारली आणि स्वतः हातात रंधा घेऊन त्या माणसांना सुतारकाम शिकवलं. तिथे लाकडी खेळणी बनू लागली आणि विकली जाऊ लागली. कुणाच्या हाताला इजा झाली का, हे डोळ्यांनी तपासायचा नियम होता, कारण सांगायला वेदना नव्हती. हे सगळं धर्मशास्त्रात बसवायचं की सुतारकामात, असं कुणी विचारलं तर मी सुतारकाम म्हणेन, आणि नाझरेथच्या कारागिराची त्याला हरकत असेल असं मला वाटत नाही.